मोराच्या मानेतला धागा

धामणकर नाक्यावर एक जण कंप्युटरवर कापडाच्या लूमसाठी नक्षी बनवतो. बोलणं कमी, पाय मात्र लूमच्या ठेक्यावर हलत असतो.

मी विणायचो त्या मोराच्या किनारीची, लूमला नक्षी सांगणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं वाळवीनं खाल्ली. मरायच्या आधी ती किनार पुन्हा विणायची, ही माझी जिद्द. ती उरली होती व्यापाऱ्याकडच्या फोटोच्या एका जुन्या स्लाइडवर. या कंप्युटरवाल्यानं रंग काढून तिचे नुसते काळे-पांढरे ठिपके केले. काळ्यावर धागा उचलायचा, पांढऱ्यावर न्हाय.

मधेच थांबला. "चाचा, प्रत्येक मोराच्या मानेत एक धागा चुकलाय. कार्डाला भोकं कोणी पाडलेली?"

असली नजर मी उभ्या जन्मात पाहिली न्हाय. लूमच्या मालकालाही जे कधी कबूल केलं न्हाय, ते तोंडातून निघालं.

"मीच पाडलेली. तू सुधार."