नववीच्या वर्गातला हट्टी ठिपका

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्याच दिवशी माझी परीक्षा होती. मुलांची नव्हे, माझी! नववीचा गणिताचा तास, आणि शेवटच्या बाकावर आमच्या नव्या प्रिन्सिपल मॅडम वही उघडून बसलेल्या.

सुट्टीआधीच त्यांनी सांगून ठेवलं होतं की आता सगळ्यांनी स्मार्ट बोर्डवरच शिकवायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी लायब्ररी सांभाळायची. बोलल्या गोडच, पण स्टाफरूममधले सगळे माझ्याकडेच बघत होते... वयाने मीच सगळ्यांत मोठी ना!

आमचं घर इकडे कन्नड मुलखात, बोगादीला, आणि शाळा हिनकलच्या बाजूला. तीसेक वर्षं मी त्याच वर्गांतून गणित शिकवते आहे. लाकडी फळा पाहिला, हिरवा फळा पाहिला, दोघांनी उचलून आणायचा तो प्रोजेक्टरही पाहिला. प्रत्येक वेळी वाटलं, आता मुलांना आपोआप समजणार. तसं काही झालं नाही, पण माझं काही अडलंही नाही.

या वेळी मात्र भीती वाटली. नववी गेली तर माझ्या दिवसात उरतं काय, हे मला नीट ठाऊक होतं. रागही आला होता, खोटं कशाला सांगू.

मग सगळी सुट्टी लेकीसमोर शिष्या होऊन बसले. गावभर दसऱ्याची रोषणाई, आणि मी लॅपटॉपवर ग्राफ काढतेय. लेक मला धीर द्यायची, "बोर्ड काही चावत नाही ग आई. नुसतं टच कर, अष्टे!" आमच्या घरची मराठी ही अशी, वाक्य संपेपर्यंत कन्नड होते... अष्टे म्हणजे बस, एवढंच. शेवटी माझ्या स्लाइड्स तयार झाल्या. रंगीत, बाणबिण सरकणाऱ्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तर तो तास. विषय होता ग्राफवरचे बिंदू आणि त्यांचे निर्देशांक. मी बोर्ड सुरू केला, आडवा-उभा अक्ष आला, चौकटी आल्या... आणि एक लाल ठिपकाही आला. मी बोट लावलेलंच नव्हतं.

पुसला. परत आला. दुसरं पान उघडलं, तिथेही हजर. स्लाइड पुढे सरकवायला गेले तर ती हलेचना. मुलं खुसुखुसू हसायला लागली. मागे मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

सवयीने पर्समध्ये खडू असतोच. पण लिहिणार कुठे? तो बोर्ड फळ्यावरच तर ठोकून बसवलाय! लायब्ररीतली ती कोपऱ्यातली खुर्ची मला दिसायलासुद्धा लागली.

तेवढ्यात चैत्रा बोलली. ही मुलगी वर्गात हजेरीपुरतं तोंड उघडते. म्हणाली, "प्रति सल अल्ले बरुत्ते, मिस." दर वेळी तिथेच येतोय.

माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "अल्ले अंद्रे एल्लि? सरियागि हेळि." तिथे म्हणजे कुठे? नीट सांगा.

कोणी म्हणालं मध्ये, कोणी म्हणालं जरा वर. मी कुणालाच सोडलं नाही. शेवटी चौकटी मोजून उत्तर आलं, उजवीकडे सात, वर चार. मग मी विचारलं, हे सात कुठून येतंय आणि चार कुठून? खरं सांगते, उत्तर मलाही माहीत नव्हतं.

चैत्रा लांब पट्टी घेऊन पुढे आली. बोर्डाला न लावता तिने ती ठिपक्याच्या समोर उभी धरली. पट्टीचं वरचं टोक जिथे पोचलं, तिथे फ्रेमच्या आतल्या कडेला वाळलेल्या गंधाचा गोळा होता, झेंडूच्या पाकळीसकट. मग तिने पट्टी आडवी धरली... डावीकडच्या फ्रेमवर कुंकवाचा जाड ठिपका!

आयुधपूजा! सुट्टी लागण्याच्या दिवशी आम्ही शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. झेरॉक्सचं मशीन, शाळेची बस, पाण्याचा पंप, आणि नवे म्हणून अगदी प्रेमाने हे बोर्डसुद्धा. या बोर्डाला गंध-कुंकू लावणारा हात माझाच. वर आणि बाजूला लावलं होतं, सढळ हाताने. नारळ मात्र मॅडमनी फोडला होता.

नंतर कळलं की त्या फ्रेममधून न दिसणारे किरण आडवे-उभे जात असतात. एक आडवा आणि एक उभा अडला, की बोर्डाला वाटतं तिथे कुणीतरी बोट लावलंय. म्हणजे नुसतं वरचं गंध असून भागत नाही, बाजूचं कुंकूही लागतं... एका बिंदूला दोन निर्देशांक का लागतात, ते याहून सोपं मी कधी शिकवलं असेन असं वाटत नाही.

पदराने पुसलं तसा ठिपका गेला आणि तासाची घंटा झाली. माझी एकही स्लाइड पुढे सरकली नव्हती. मॅडम उठल्या. डोळे पुसत होत्या, हसून हसून. दारात थांबून म्हणाल्या, "नाइन्थ निम्म हत्रने इरलि, मॅडम." नववी तुमच्याकडेच राहू दे. आणि पुढे, "त्या स्लाइड्स उद्या दाखवा हं, चुकवू नका."

दाखवल्या. चांगल्या झाल्या होत्या, बाण छान सरकले. मुलांनी शांतपणे पाहिल्या, उतरवून घेतल्या.

इतकी वर्षं मी उत्तर पदराला बांधूनच वर्गात शिरत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मुलं आणि मी एकाच बाजूला उभे राहून शोधत होतो. यंत्र नवं होतं म्हणून नव्हे... मलाही माहीत नव्हतं म्हणून.

स्लाइड्स संपल्यावर चैत्राने हात वर केला. मला वाटलं, शंका असेल.

"इवत्तु एनु केट्टिदे, मिस?" आज काय बिघडलंय?

सगळा वर्ग आशेने माझ्याकडे बघत होता.