खारीच्या कुंभाराची माती

खरेदी खात्यात मी चौदा वर्षं काढली. जिला मी काम शिकवलं तिलाच माझ्या डोक्यावर बसवलं, तेव्हा दोन हजार चार साली राजीनामा टाकला. तो अन्याय होता, आजही म्हणते. नवघरला गाळा घेतला, विजेची भट्टी बसवली आणि चिनीमातीसारखा चकचकीत लेप दिलेली भांडी करू लागले. माती खारी गावातल्या एका म्हाताऱ्या कुंभाराकडून आणायची. घासाघीस केल्याशिवाय कधी उचलली नाही.

दिवाळीआधी शांती नगरातल्या एका दुकानदाराने वाडगे मागवले. पहिलीच मोठी ऑर्डर. शनिवारी तो गाळ्यावर आला. भट्टी अजून तापलेली होती, सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. मी तसं सांगू लागले तर म्हणाला, "मॅडम, माल दिखाओ, बातें बाद में." माझं डोकं सटकलं. तिथल्या तिथे झाकण उचललं. बाहेरचा वारा आत गेला आणि टणटण आवाज सुरू झाला. एकेक वाडगा तडकत होता.

"पंधरा दिन और देता हूँ," असं हसून सांगून तो गेला.

वाडगे का तडकले, ते मला पक्कं कळलं होतं. तरी रविवारी तडकलेले चार वाडगे घेऊन रिक्षाने खारी गाठली. कुंभाराच्या अंगणात पणत्या, माठ घ्यायला बायका जमल्या होत्या. मला तेच हवं होतं. पुरवठादाराला चारचौघांत धरलं की तो लवकर नमतो, हे मी ऑफिसात शिकले होते.

"काका, ही असली माती देता? नुसते खडे! माझी सगळी ऑर्डर गेली!"

काकांनी वाडगा घेऊन चिरेवरून अंगठा फिरवला. "बाय, मातीनं आगीत दगा दिला असता तं लेप वितळून चिरेची कडा गोल झाली असती. ही बघ कशी धार हाय. मागाहून फुटलाय. भट्टी गरम असताना उघडलीस?"

"मी? नाही!"

एक बाई टिचकी मारून माठ पारखत होती. तिने तो खाली ठेवला आणि निघाली. तिच्यामागे आणखी दोघी. काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग आतून मातीच्या दोन गोणी ओढत आणून त्यांनी रिक्षात ठेवल्या.

"ने. पैसे नको. पन वरडू नको."

मी नेल्या. त्याच मातीचे वाडगे केले. एकालाही चीर नाही.

दिवाळीनंतर एका मंगळवारी, भर दुपारी, अंगणात कोणी नसेल अशी वेळ बघून गेले. मिठाईचा पुडा पुढे केला.

"काका, चूक माझी होती. भट्टी मीच उघडली होती."

"ठाव हाय." त्यांनी चाक थांबवलं नाही. "मला काय सांगतेस? तवा मानसं व्हती. आज कोन हाय?"

"रविवारी येते," मी म्हटलं.

गेले नाही. माती आता वसईहून मागवते. महाग पडते, तरी.