कार्ल्याच्या फाट्यापासून पुढं

कुसगावचा महिपती तसा वाईट माणूस नव्हता. पहाटे दुधाच्या दोन किटल्या सायकलला अडकवायच्या, लोणावळ्याच्या बंगल्यांत दूध घालायचं आणि ऊन चढायच्या आत शेतावर हजर व्हायचं, असा त्याचा नेम. तोंड मात्र जरा सैल. गावात सायकल एकच आणि ती त्याची, त्यामुळे पारावर बसला की स्वारी हवेत असायची. १९३६ सालच्या माघात म्हाताऱ्या अंबाजीआबांनी त्याला डिवचलं, "दोन किटल्या वडतूस म्हून लय फुशारकी नगं. बायकूपोरीला सायकलवर वाईला न्हेऊन आन, मंग बोल."

"न्हेतो की! रेल्वेला न्हाई, मोटारीला न्हाई, हात बी लावायचा न्हाई," महिपती बोलून बसला.

वाई म्हणजे त्याच्या बायकोचं, बयाबाईचं माहेर. पुण्यावरून जायचं, वाटेत कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट. पण शब्द गेला होता. मग काय, पुढं दांडीवर सहा वर्षांची ठकू, मागं कॅरियरवर बयाबाई आणि तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. चढ आला की तिघंही चालायची, उतार आला की ठकू आनंदानं किंचाळायची. तीन दिवसांत वाई आली. सासुरवाडीला जावयाचं कोडकौतुक झालं, त्यानं ते मिशीला पीळ देत करून घेतलं.

परतताना शिरवळला त्याला हिवतापानं गाठलं. अंग असं थडथडायला लागलं की हँडल धरवेना. रस्त्यानं मोटार चालली होती, बयाबाईनं हात केला असता तर थांबलीही असती. "मोटार नगं," तो दात वाजवत म्हणाला. बयाबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, काष्टा घट्ट खोचला आणि म्हणाली, "बसा मागं."

तिला सायकल येते हे त्याला ठाऊक होतं. दोन पावसाळ्यांमागं तो असाच तापानं पडला, तेव्हा दुधाच्या किटल्या ढकलत नेता नेता ती शिकली होती, तेही गावाच्या नजरेआड, ओढ्यापलीकडच्या माळावर. पण माळ वेगळा आणि तिघांचं ओझं घेऊन कात्रज वेगळा. घाटात तिनं सायकल ढकलत नेली. नवरा कॅरियरवर, लेक बाजूनं चालत. पुण्यात धर्मशाळेत मुक्काम झाला, पुढं वडगाव, मग कामशेत. तिच्या तळपायांना फोड आले, ते फुटले, त्यावर तिनं लुगड्याची चिंधी बांधली. मागं बसलेल्या महिपतीला तिची घामानं भिजलेली पाठ तेवढी दिसत होती.

कार्ल्याचा फाटा आला तोवर त्याचा ताप उतरला होता आणि डोक्यात गाव शिरलं होतं. "थांब," तो म्हणाला, "हितनं म्होरं मी घेतो. तू मागं बस." बयाबाई उतरली आणि मागं बसली.

वेशीपासून घंटी वाजवत तो पारापर्यंत आला. निम्मं गाव गोळा झालं. त्याच्या आईनं, विठाबाईनं, त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुनेला म्हणाली, "पाय धू त्येचं. वाईपासनं वडीत आणलंय तुला." बयाबाई ऊन पाण्याचं घंगाळं घेऊन बसली आणि चिंध्या बांधलेल्या पायांवर उकिडवी होऊन नवऱ्याचे पाय चोळू लागली. महिपतीच्या पायाला साधा ओरखडा नव्हता. पाय मागं घ्यावा असं त्याला वाटलं, पण घेतला नाही.

ठकूला राहवलं नाही. "आजे, दादांनी न्हाई, आयनं वडलं. दादा मागं बसलं हुतं."

लोक हसले, आणि महिपतीचा हात ठकूच्या गालावर पडला. "खोटं बोलतीस व्हय गं?" पोरीवर त्यानं त्याआधी कधी हात उचलला नव्हता. बयाबाईचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा पाणी घालू लागले.

त्या दिवसापासून कौतुक त्याच्या घशाखाली उतरेना. बंगल्यावरचा माळी जरी "शाब्बास" म्हणाला तरी त्याला चोरी पकडल्यागत व्हायचं. बयाबाई नेहमीसारखी भाकरी वाढायची, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. दोन महिन्यांनी हनुमान जयंतीला गावानं त्याला फेटा बांधायचं ठरवलं, तेव्हा तो उठलाच.

"ह्यो मान माजा न्हाई. शिरवळपासनं कार्ल्यापतुर बयानं सायकल वडली. मी पोत्यावानी मागं बसलो हुतो."

अंबाजीआबा गदगदून हसले. "बघा, किती मोट्या मनाचा गडी! बायकूला मान द्यावा तर आसा!"

महिपती रडकुंडीला आला. बायकांच्या घोळक्यात बयाबाई पदर ओढून खाली बघत होती. चारचौघांत तिनं बोलायचं नव्हतंच. त्यानं लेकीला हाक मारली. "ठके, हिकडं ये. तू हुतीस न्हवं? सांग समद्यास्नी, सायकल कुनी वडली?"

ठकू पुढं आली. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं, मग हाताकडं. एक पाऊल मागं सरली आणि म्हणाली, "तुमीच, दादा."

गावानं टाळ्या वाजवल्या आणि अंबाजीआबांनी फेट्याचा पहिला पीळ दिला.