पोचेपर्यंत घर झाडायचं नाही

पहिल्यांदा घर सोडलं ते अकोल्याहून अमरावतीला, नोकरीसाठी. आईनं हातावर दही ठेवलं, मी ऑटोत बसले आणि वहिनीनं सवयीनं झाडू उचलला. आई केवढ्यांदा ओरडली! "ठेव तो खाली! माणूस वाटेत असताना घर झाडत नाईत, बाप्पा!" अमरावती म्हणजे एसटीनं दोन-अडीच तास. मी पोचून फोन केला, "पोचली? बरं. आता झाडतो," म्हणाली. संपलं.

मग टोरंटो. हॉस्पिटलात नर्सची नोकरी. अकोल्याहून रात्रभर रेल्वे, मुंबईत विमानतळावर ताटकळणं, एक विमान, मधल्याच कुठल्या देशात बाकड्यावर पाय दुमडून बसणं, पुन्हा विमान, मग इमिग्रेशनची रांग. तेवढा सगळा वेळ अकोल्याच्या घरात केर तसाच. निरोपाला आलेल्या पाहुण्यांच्या चपलांची माती, शेंगांची टरफलं, सगळं जिथल्या तिथे. वहिनी धुसफुसायची. दादा म्हणायचा, "आई, विमान उतरलं, हे पाय, मोबाईलवर दिसून राहिलं."

"विमान उतरलं असंल. पोरगी घरात शिरली का?"

दर खेपेला हेच. मी दार उघडून, बूट काढून फोन करायचे, मगच तिचा झाडू हलायचा. मी इथे मैत्रिणींना हे हसून सांगायचे. हसायला काय जातंय!

गेल्या थंडीत आई गेली. मुंबई ते टोरंटो किती, म्हणून मोबाईलला विचारा, साडेबारा हजार किलोमीटर सांगून मोकळा होतो. त्यात अकोला नाही मेलं. बर्फानं रद्द झालेलं विमान नाही, न मिळालेलं तिकीट नाही. मी दारात पोचले तेव्हा आईची माती होऊन गेली होती आणि घर झाडून-पुसून लख्ख होतं. मी वाटेत असताना झाडलेलं! माणूस गेलं की घर धुवावंच लागतं, मला कळतं. तरी त्या फरशीचा मला इतका राग आला की चप्पल न काढता आत गेले.

परत निघाले तेव्हा दही कुणाच्या लक्षात नव्हतं. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशीही आली नव्हती, तर मागून खर्र खर्र आवाज. वहिनी अंगण झाडत होती. दुपारी पाहुणे यायचे होते म्हणे. असतील. मी काही तिला माफ करणार नाही.

तुम्ही जे दूर गेलात आणि जे मागे राहिलात, तुम्हाला म्हणून सांगते. माझं घर अकोल्यात होतं, कारण तिथे माझ्यासाठी केर थांबायचा. आता तिथे माझं फक्त माहेरचं आडनाव आहे.

टोरंटोला दार उघडलं, बूट काढले, सवयीनं फोन लावला. दादानं उचलला. म्हटलं, "दादा, पोचले."

"हो, पायलं मोबाईलवर. उतरलं विमान."

आणि त्यानं फोन ठेवला.