निळ्या काठाचा वाडगा

“अगं, ती पोरगी उभ्यानं जेवते. सिंकपाशी, डब्यातूनच.”

मी जिन्यातच थांबले. वर स्वयंपाकघरात काकू पुण्यातल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या, आणि ती पोरगी म्हणजे मी होते. अमेरिकेत, रेडमंडमध्ये, त्यांच्या बेसमेंटमधली खोली भाड्यानं घेऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी पाय न वाजवता खाली परत गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच दारावर टकटक झाली. “बारा वाजता वर ये. बसून जेवायचंय,” एवढंच सांगून काकू निघून गेल्या.

इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे फ्रेंच काकू म्हणत. सुती साडी, त्यावर स्वेटर, पायात लोकरीचे मोजे; दिसायला त्यांच्यात फ्रेंच असं काहीच नव्हतं. भाषा मात्र पक्की येत होती. लग्नाआधी आणि नंतरही त्या पुण्याजवळच्या एका कारखान्यात यंत्रांच्या फ्रेंच पुस्तिकांचं भाषांतर करत. “नट, बोल्ट, वॉशर, सगळं येतं मला फ्रेंचमध्ये. प्रेमाचं एक वाक्य विचारू नकोस,” असं त्या सांगायच्या. कामासाठी एकदाच, आठ दिवस, त्या फ्रान्सला गेल्या होत्या. पॅरिसला नाही, तर एक पूल, एक बेकरी आणि एक कारखाना असलेल्या गावाला. वसंत ऋतू होता. एका कुटुंबात त्यांची राहायची सोय केली होती. तेवढ्या आठ दिवसांवर त्यांनी उरलेलं आयुष्य मांडलं होतं.

त्या पहिल्या रविवारी मी वर गेले तर स्वयंपाकघर रिकामं. काकूंचा आवाज गॅरेजमधून आला. गॅरेजचं दार सताड उघडं, बाहेर रेडमंडचा बारीक पाऊस, समोरच्या चेरीच्या झाडाखाली पाकळ्यांचा चिखल. आत गवत कापायच्या यंत्राशेजारी एक टेबल, त्यावर कडक इस्त्रीचा लिननचा पांढरा कपडा, दोन जड बशा, काचेच्या बरणीत डॅफोडिल्स. एप्रिलमध्ये बाहेर जेवायचं असतं, आणि इथला पाऊस थांबायची वाट बघितली तर जून उजाडतो, असं त्यांचं म्हणणं. कुत्री फिरवणारे शेजारी आमच्याकडे बघत जात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काकू प्रत्येकाला हात करत होत्या.

जेवायला आधी लाल मुळ्याचे छोटे कंद, घरी काढलेलं लोणी आणि जाडं मीठ. मुळ्याला लोणी लावून खातात हे मला माहीत नव्हतं. मग लीकची, म्हणजे जाड कांदापातीसारख्या भाजीची, भाजलेली पाय, तिच्यात बारीक चिरलेली हिरवी मिरची. “हे त्यांना सांगू नकोस,” काकू म्हणाल्या. जणू मी संध्याकाळी फ्रान्सला फोन करणार होते. लांबट फ्रेंच पाव आणायला त्या पावसात वीस मिनिटं गाडी चालवत जात आणि त्याचं टोक सिग्नललाच खाऊन टाकत. अख्खा पाव घरी आणणाऱ्या माणसात काहीतरी कमी असतं, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या घरात शोकेस नव्हती. चांगल्या बशा रोजच्या वरणभातालाच निघत. “पाहुणे दोन तास असतात,” त्या म्हणायच्या, “घरात आपण असतो.”

त्यांना चिडताना मी फक्त एकाच गोष्टीवर पाहिलं: माझ्या ‘काहीही चालेल’वर. चहा की कॉफी? काहीही चालेल. खिडकीकडे बसतेस? कुठेही चालेल. मला ते सभ्यपणाचं वाटायचं. ऑफिसमध्येही मी तेच म्हणायचे, त्यामुळे प्रत्येक लाँग वीकेंडची ऑन-कॉल ड्यूटी माझ्याच वाट्याला यायची. “काहीही नावाचा पदार्थ माझ्याकडे नाही,” काकू म्हणत आणि मी काहीतरी निवडेपर्यंत किटली हातात धरून उभ्या राहत.

त्यामागची गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितली. त्या फ्रेंच घरात सकाळची कॉफी रुंद वाडग्यातून पीत, दोन्ही हातांनी धरून. काकूंच्या वाट्याला आला होता तो निळ्या काठाचा. निघताना घरच्या बाईंनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? काकूंचं मन वाडग्यात होतं. संकोचानं त्या म्हणाल्या, काही नको. बाईंनी त्यांना एक कॅलेंडर दिलं. पुढे अमेरिकेत आल्यावर कुणा परक्या माणसाच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे काकूंना तसाच एक वाडगा दिसला. “तसाच. तोच नाही,” त्या म्हणाल्या. रविवारी त्या माझी कॉफी त्यातून देत. स्वतः साध्या मगमधून पीत.

या वसंतात त्यांचं दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला, मुलाकडे जायचं ठरलं. गुडघे जिना चढू देत नव्हते. घर विकलं, मी दुसरीकडे खोली बघितली. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी काकूंनी सगळी भांडीकुंडी गॅरेजमधल्या त्याच टेबलावर मांडली आणि मंडळातल्या बायकांना बोलावलं. नियम एकच: जे हवं ते तोंडानं मागायचं. न मागता दिलेली वस्तू माळ्यावर जाते, असं त्या म्हणाल्या. मला त्यांनी आदल्या आठवड्यातच विचारलं होतं, तुला काय ठेवू? मी नेहमीचंच उत्तर दिलं होतं.

बायका आल्या, बशा गेल्या, लिननचा कपडा गेला. मी खोकी चिकटवत कोपऱ्यात होते. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी वाडगा उचलला, उलटा करून टिचकी मारून पाहिला. दही लावायला छान आहे, म्हणाल्या, घेऊ का?

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा हात टेबलाच्या कडेला घट्ट होता.

“देऊन टाकू ना गं?” त्यांनी मला विचारलं. “चालेल?”

पाऊस थांबला होता. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. माझ्या हातातली चिकटपट्टी बोटांनाच चिकटली होती.

“नाही चालणार, काकू,” मी म्हणाले. “तो वाडगा मला हवाय.”