नारळावर मिळालेलं भाड्याचं घर

घरमालक काकांनी भाडेकरार केलाच नाही. देवापुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, हिला इथे सुखानं राहू दे," आणि वर मलाच ऐकवलं, "अगो, देवासमोर शब्द दिलाय, तुला आणि कागद कसला हवा?" मी देवरूखहून बदली होऊन रत्नागिरीत आलेली, सोबत म्हातारी आई. काय बोलणार, कप्पाळ! सामान आत घेतलं.

यंदा पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्रवास अजिबात नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं. आणि श्रावणात काकांचा मुंबईहून फोन: "गणपतीला आम्ही सगळे येतोय. तेवढे दिवस घर रिकामं कर हो. आईला घेऊन देवरूखला जाऊन ये." जशी काही आई म्हणजे गाठोडं, उचललं की निघालं! मी तिची अवस्था सांगितली, तर म्हणे, "गणपतीला नाही म्हणतेस?" अहो, गणपतीला कोण नाही म्हणतंय?

चिडून एका वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "लेखी करार करून तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. खोट्या असतील तर मालकानं सिद्ध करायचं." आणि मी इतके दिवस चोरासारखी राहत होते!

काका समजूत घालायला स्वतः आले. मी तोंड उघडायच्या आत आईनंच खाटेवरून हात जोडले. "माझ्यामुळे तुमच्या देवाची अडचण झाली हो."

माझं डोकंच सटकलं. ज्या घराचं भाडं मी वेळच्या वेळी भरते, त्या घरात माझी आई माफी मागत होती! "काका, पुढची खोली गणपतीला घ्या. आई मागच्या खोलीत राहील. आणि करार आत्ताच करायचा, नाहीतर अटी मी सांगेन त्या." काका आधी लालबुंद झाले. मग आईकडे बघून खुर्चीत टेकले, "बरं, करू करार."

त्याच आठवड्यात करार नोंदवणारा एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. "देवावर विश्वास राहिला नाही कुणाचा," असं पुटपुटत काकांनी अंगठा दिला. मीही दिला.

दोघं गेल्यावर आईनं विचारलं, "आता मला हलवणार नाहीत ना?"

"नाही गो आई."

"मग खाटेखालची पिशवी रिकामी कर."

मी पिशवी ओढली. आत तिची लुगडी, औषधं, पाण्याचं भांडं. फोन आला त्याच दिवशी कामाच्या मावशींकडून तिनं ती भरून घेतली होती.