गाईड भेटत न्हाई

धर्मसिंगदादाला बसलेला दाखवा आन् माझी जीप घेऊन जा, अशी मी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या स्टँडवर कुणाशीबी पैज लावायचो. तांड्यावरचा हा माणूस जागा असली तरी जीपच्या मागं लटकूनच यायचा. त्याची बायको जिवनबाई वाढायची आन् हा उभ्यानंच भाकर खायचा. हळद शिजवायची असो की कुणाचा बैल आडलेला असो, दादा तिथं हजर. एका जागी बूड टेकंल तर शपथ.

त्याचा फुलसिंग मात्र गरीब गाय. तांड्यातून पहिलंच पोरगं शहरातल्या विद्यापीठात पीएचडी करून राहिलं होतं. दोन हजार तीनच्या दिवाळीला आलं ते माघारी जायचं नावच काढीना. रातभर अंगणात येरझारा, दिवसा पांघरूण घेऊन पडलेलं. जिवनबाईनं दृष्ट काढली, नरसीला जाऊन नामदेवाच्या पाया पडून आली. "लेकरू उठून उठून हिरीकडं जातंय," ती मला म्हणली.

दादानं काहून, काहून विचारून पोराचं डोकं खाल्लं. शेवटी ते एवढंच बोललं, "बा, गाईड भेटत न्हाई."

झालं. दादा लगेच माझ्या जीपला लटकला. "तातेराव, हिंगोलीला चल. एवढंच हाय व्हय? आधी बोलला असता तर आधीच आणलं असतं."

मलाबी बराबर वाटलं. दहावीला आमी गाईडवरच तर पास झालतो. आख्खी हिंगोली पालथी घातली. पीएचडीचं गाईड म्हणलं की दुकानदार हसायचे. एकानं बारावीचं जाडजूड गाईड आमच्या गळ्यात मारलं.

फुलसिंगनं ते हातात घेतलं आन् हसायला लागला. हसता हसता ढसाढसा रडला. मंग सगळं बाहेर आलं. गाईड म्हंजे माणूस, मोठा सर. त्याच्या सहीबिगर काईच हालत न्हाई. तो दारात ताटकळत ठेवतो, आन् भेटलाच तर म्हणतो, तुमच्या लोकांना हे झेपत नाही.

"मला जगूच वाटंना गेलंय, बा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादानं पोराला नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणले, ह्याला एकटं सोडू नका. पोरगं थोडं सावरलं तसं म्हणायला लागलं, आर्धं सोडलं तर मी आजून खचंन, मला जायचंय. मंग बाप-लेक दोघंबी निघाले. मीच जीपनं होस्टेलवर सोडलं.

वॉर्डन म्हणाले, "होस्टेलात पालकांना राहता येत नाही. नियम आहे."

"बराबर हाय," दादा म्हणला. "मंग ह्याला रोज बघणारा तुमच्यात कोण हाय, त्याचं नाव सांगा. मी आत्ता जातो."

वॉर्डननं विभागात धाडलं, विभागानं कार्यालयात, कार्यालयानं परत वॉर्डनकडं. माझं तर डोकंच फिरलं. दादा मात्र दारोदार तेच विचारत गेला. दिवस मावळला तरी नाव काई निघालं न्हाई. मंग वॉर्डननं मुकाट्यानं खोलीवर दुसरी गादी पाठवली.

दादानं गादी टाकली आन् तिच्यावर चांगला मांडी घालून, भिंतीला टेकून बसला. फुलसिंगचं डोकं त्याच्या मांडीवर. येतो म्हणलो तरी उठला न्हाई. पैज हारलो म्हणून मी जीपची चावीच त्याच्या पुढं धरली.

"ठेव तुझ्यापाशी," दादा म्हणला. "मला आता कुठं जायचंय?"